तीन महिन्यांचा व्हिसा आणि सहा महिन्यांचा बेत

पत्र कराडहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, नाव छापू नका म्हणाल्या आहेत. मजकूर थोडक्यात असा:

"आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. मुलगा-सून म्युनिकला नोकरी करतात. एप्रिलच्या मध्यावर सुनेचे दिवस भरतात. मुलगा म्हणतो, दोघं या आणि चांगले सहा महिने राहा. शेजारचे दोघं मुलीकडे सहा महिने राहून आलेच की! इथला एजंट म्हणतो, तीन महिन्यांचा व्हिसा काढू. तीन महिने संपत आले की स्वित्झर्लंडला चार दिवस जाऊन या, मोजणी नव्याने सुरू होते. फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून अर्ज फ्रान्सचा करायचा, कारण 'पर्यटन' लिहायचं, बाळंतपणाचा शब्द काढायचा नाही आणि खात्यावर दहा लाख दाखवायचे. यांचा पासपोर्ट जुलैअखेर संपतो. माझ्या पासपोर्टवर यांच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं पडलंय. आम्ही काय करावं?"

ताई, नमस्कार. आजी होणार आहात, अभिनंदन!

आधी शेजाऱ्यांना एक विचारा: मुलगी कुठे असते? उत्तर बहुधा अमेरिका येईल. अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना विमानतळावरचा अधिकारी साधारणपणे सहा महिने राहू देतो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावरही सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. त्यामुळे 'मुलांकडे सहा महिने' हा हिशोब आपल्याकडे घरोघरी पाठ झाला आहे. जर्मनीत तो चालत नाही. जर्मनी शेंगेन गटात आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, आणि तिथे नियम असा: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आलात तो दिवस आणि निघालात तो दिवस, दोन्ही धरून.

स्वित्झर्लंडची युक्ती ऐकून मला एजंटच्या आत्मविश्वासाचं कौतुक वाटलं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही हे खरं, पण शेंगेनमध्ये आहे. हा गट आता २९ देशांचा आहे आणि सगळ्यांचे दिवस एकाच खात्यात मोजले जातात. चार दिवस झुरिकला राहिलात तर ते चार दिवस त्या नव्वदातूनच जाणार. बरं, गटाबाहेर, म्हणजे लंडनला जाऊन आलात तरी मोजणी शून्यावर येत नाही. बाहेर काढलेले दिवस नव्वदात धरत नाहीत, एवढंच.

तुमच्याच तारखा घेऊन बघू. १ एप्रिलला म्युनिकला उतरलात तर एप्रिलचे ३०, मेचे ३१ मिळून ६१ झाले, आणि २९ जूनला नव्वदावा दिवस भरला. त्या दिवशी तुम्ही विमानात बसलेल्या हव्यात. पुन्हा कधी जाता येईल? १ एप्रिलपासूनचा १८० वा दिवस २७ सप्टेंबरला येतो, म्हणून २८ सप्टेंबरपासून, आणि तेही तेव्हा हातात वैध व्हिसा असेल तर. पूर्वी अधिकारी पासपोर्टवरचे शिक्के बघून बोटांवर हिशोब करायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. येण्याजाण्याच्या तारखा चेहऱ्याच्या फोटोसकट त्यात चढतात आणि एक दिवस जास्त राहिलात तरी तो तिथे दिसतो.

मुदतवाढ मिळते का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नियमात आहे, पण आजारपण, अचानक आलेलं संकट, गंभीर कौटुंबिक कारण अशा प्रसंगांसाठी. बारसं राहिलंय किंवा बाळाला आजीचा लळा लागलाय, ही कारणं तुमच्या-माझ्या लेखी कितीही गंभीर असली तरी तिथल्या कचेरीत चालत नाहीत.

मग सहा महिन्यांचं काय? माझा सल्ला असा की दोघांनी एकदम जाऊ नका. तुम्ही १ एप्रिल ते २९ जून राहा. सर १ जूनला निघोत आणि २९ ऑगस्टपर्यंत राहोत; त्यांचेही बरोबर ९० दिवस होतात. जूनचा महिना दोघं एकत्र असाल आणि घरात एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत वडीलधारं माणूस राहील, म्हणजे पाच महिने झाले. सरांना स्वयंपाक येत नसेल तर जूनमध्ये शिकवा, बाळाला मांडीवर घेऊन वरणभाताचा कुकर लावता आला तरी पुष्कळ आहे. आणि विहीणबाईंना विचारलंत का? पहिलं बाळंतपण माहेरचं, असं आपण अजून मानतो. त्यांना एप्रिलमध्ये जायचं असेल तर तुम्ही मागाहून जा. सुरुवातीला मदत अगदीच नसते असंही नाही. जर्मनीत नोकरदार आईला प्रसूतीआधी ६ आणि नंतर ८ आठवडे संरक्षित रजा असते (सक्तीची फक्त नंतरची), आणि हेबामं नावाची सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासते; तिचा खर्च तिथला सरकारी आरोग्य विमा उचलतो. तेल लावून मालिश मात्र ती करत नाही. तिघी-चौघं एकाच वेळी म्युनिकच्या दोन खोल्यांत जमण्यापेक्षा पाळ्या लावलेल्या बऱ्या. सुनेलाही.

आता फ्रान्स. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे अपॉइंटमेंटवर ठरत नाही. जिथे तुमचा मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. नव्वदच्या नव्वद दिवस म्युनिकला राहणार असाल तर जर्मनीकडेच. फ्रान्सचा व्हिसा घेऊन थेट म्युनिकला उतरलात आणि अधिकाऱ्याने पॅरिसचं हॉटेल कुठलं असं विचारलं, तर तुम्ही काय सांगाल? तीस-पस्तीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा पकडलेल्या बाई तुम्ही, उतारवयात परक्या देशाच्या काउंटरवर स्वतः थाप मारायला उभ्या राहू नका. ती जमणारही नाही.

'पर्यटन' लिहिण्याचंही तेच. नातेवाइकांना भेटणं हा शेंगेन व्हिसाचा अगदी राजरोस प्रकार आहे. सून बाळंत होणार आहे यात लपवण्यासारखं काय? उलट नव्वद दिवस का राहायचं आहे, याचं त्याहून पटणारं कारण नाही. पर्यटक म्हणून नव्वद दिवस मागितलेत तर अधिकारी विचारील, म्युनिकमध्ये तीन महिने बघणार तरी काय? मुलाच्या निमंत्रणपत्रात सरळ लिहू द्या: पत्नीची प्रसूती अमुक सुमारास आहे, आई अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे राहील. सोबत डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेचा कागद, मुलाच्या पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची प्रत, आणि त्याच्याशी तुमचं नातं दाखवणारा जन्मदाखला. तो मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून जोडा.

यात एका कागदाला फार वजन आहे. जर्मनीतला यजमान तिथल्या परकीय नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र देतो की पाहुण्यांचा राहण्याजेवणाचा, आणि वेळ पडली तर दवाखान्याचाही, खर्च मी करीन. जर्मनमध्ये त्याला 'फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' म्हणतात. तुम्ही उच्चाराच्या भानगडीत पडू नका, मुलाला बरोबर कळेल. फी २९ युरो. त्याचा पगार बघून ते कार्यालय हमी मान्य करतं. अस्सल प्रत इकडे कुरिअरने मागवावी लागते, आणि अर्जाच्या वेळी ती सहा महिन्यांहून जुनी नको. तिथली अपॉइंटमेंटही लगेच मिळेलच असं नाही, म्हणून मुलाला हे पत्र वाचून झाल्या-झाल्या कामाला लावा. दुसरं म्हणजे हे हमीपत्र नुसता उपचार नाही. पाहुण्यांपायी सरकारचा खर्च झाला तर तो मुलाकडून वसूल होतो. सही करताना त्याला ते माहीत असावं.

हमीपत्र असलं की दहा लाखांचा प्रश्नच निकालात निघतो. ते नसतं तरी मी 'भरा' म्हणाले नसते. खात्यावर दरमहा पेन्शन जमा होते, त्यातून लाइटबिल जातं, गॅस जातो, कधी दवाखाना, थोडी शिल्लक राहते: असं तीन महिन्यांचं स्टेटमेंट निवृत्त शिक्षिकेला शोभतं. त्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकरकमी दहा लाख आले की तपासणाऱ्याची नजर तिथेच थांबते. पैसे उसने आणून दाखवलेत हे ओळखायला त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्यापेक्षा पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आयकर विवरणपत्र भरत असाल तर ते, मुदत ठेवींच्या पावत्या, घराचा उतारा, शेती असेल तर सात-बारा, हे लावा. तपासणाऱ्याला मुळात एकच शंका असते: ही माणसं परत जातील ना? नकाराच्या छापील फॉर्मवर जी कारणं खुणा करून कळवतात, त्यातही हे एक आहे. दरमहाची पेन्शन, कराडातलं घर, कृष्णाकाठचं रान, इकडे असलेली दुसरी मुलं-नातवंडं, या शंकेला एवढं उत्तर पुरतं.

एजंट म्हणेल, नकार आला तर आपण अपील करू. जर्मनीच्या वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करायची सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता एक तर नव्याने अर्ज, नव्याने फी, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात दावा. शिवाय नकाराची नोंद शेंगेनच्या व्हिसा यंत्रणेत पाच वर्षं राहते आणि ती सगळ्या सदस्य देशांना दिसते. खोटं हॉटेल बुकिंग सापडलं तर एजंटचं काही जात नाही, नोंद तुमच्या नावावर राहते. म्हणून पहिलाच अर्ज नीट जाऊ द्या.

सरांच्या पासपोर्टचं काम आजच काढा. शेंगेनची अट अशी की गटातून बाहेर पडायच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात निदान दोन पानं कोरी हवीत. सर २९ ऑगस्टला निघणार, म्हणजे पासपोर्ट २९ नोव्हेंबरपर्यंत तरी चालायला हवा. जुलैला संपणारा पासपोर्ट, सर तुमच्याबरोबर जूनमध्ये परतले तरी, चालत नाही. आपल्याकडे मुदत संपायच्या आधी वर्षभरापासून नवा काढता येतो, त्याला रिइश्यू म्हणतात. ३६ पानांच्या पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. तत्काळला त्याशिवाय आणखी २,०००. अर्ज पासपोर्ट सेवाच्या साइटवर भरायचा, वेळ घ्यायची आणि जवळच्या केंद्रात, म्हणजे पुण्याला किंवा जिल्ह्याच्या पोस्टातल्या केंद्रात, अस्सल कागद घेऊन जायचं. पोलीस पडताळणी कधी लागते, कधी नाही. लागली तर हवालदार येईल त्या दिवशी सर घरी असू द्या. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत सरांचा विमा काढू नका, व्हिसाचा फॉर्म भरू नका, नंबर बदलतो. आणि रद्दचा शिक्का मारून परत मिळालेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नका, त्यावर पूर्वीचे व्हिसा असतील तर ते जोडायला लागतात.

तुमच्या स्पेलिंगचं. हे दुखणं महाराष्ट्रात घरटी एक आहे. समजा सरांचं नाव दत्तात्रय. त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर ते 'वाय'ने संपतं, तुमच्या पासपोर्टवर मधल्या नावात 'वाय'पुढे एक 'ए' जास्त, आणि आधारवाल्या पोराने 'त्ता'मधला एक 'टी'च खाल्लेला. एवढ्याने व्हिसा अडत नाही. व्हिसाच्या कामात पाया पासपोर्टचा, आधारचा नव्हे. फॉर्म, विमान तिकीट, विमा, हमीपत्र आणि निमंत्रण या पाचही ठिकाणी तुमचं नाव तुमच्या पासपोर्टवर आहे तस्संच, अक्षर न अक्षर, आलं पाहिजे. मुलगा हमीपत्रात आईचं नाव आठवणीतून लिहील. त्याला पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. नातं दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला जोडा आणि दोन्ही स्पेलिंगं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. आडनावच वेगळं असतं, पासपोर्टवर माहेरचं आणि बाकी सगळीकडे सासरचं, तर मी म्हणाले असते की बदलूनच घ्या. एका अक्षरासाठी आत्ता पासपोर्ट पुन्हा काढत बसू नका.

जन्मतारखेचंही एकदा बघून घ्या. तुमच्या पिढीत मुख्याध्यापकांच्या कृपेने निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीही कित्येकांचे लिहिले असतील. खरी तारीख पत्रिकेत दुसरी असली तरी इथे पासपोर्टची तारीख खरी. विम्याच्या फॉर्मवर चुकून पत्रिकेतली टाकू नका.

विम्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे लोक स्वस्ताच्या मागे लागतात. शेंगेनची अट ३०,००० युरोंच्या संरक्षणाची: आपत्कालीन उपचार, आणि वेळ आलीच तर रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी आणण्याचा खर्च. गटातले सगळे देश आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्यात यायला हवेत. व्हिसापुरती ही अट कोणतीही स्वस्त पॉलिसी पुरी करते. पण तुमच्या वयाला ब्लड प्रेशर किंवा शुगर असणार, आणि 'आधीपासून असलेले आजार' या ओळीपाशी बऱ्याच पॉलिसी हात वर करतात किंवा जिवावर बेतलं तरच काही रकमेपर्यंत देतात. ती ओळ स्वतः वाचा, एजंटला वाचायला सांगू नका. आजार लपवून पॉलिसी घेतलीत तर दावा फेटाळला जाईल, आणि मग ते बिल मुलाच्या हमीपत्रावर येईल. तीन महिन्यांच्या गोळ्या इथूनच न्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. निकालाला साधारण १५ दिवस, कागद जास्त तपासायचे असतील तर ४५ पर्यंत. दोघांनी आपापल्या तारखांचे अर्ज एकाच दिवशी दिले तरी चालतात. उन्हाळ्याआधी गर्दी असते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत उरकून टाका. फी माणशी ९० युरो, रुपयांत, वर अर्ज गोळा करणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा सेवा आकार. नकार आला तरी ती परत मिळत नाही. पुण्यात केंद्र आहे, मुंबई गाठायची गरज नाही. बोटांचे ठसे द्यायला पहिल्या वेळी स्वतः जावं लागतं. पुढे ५९ महिने तेच ठसे चालतात. व्हीएफएस फक्त कागद गोळा करतं, निर्णय वकिलातीचा असतो. तिथे आपली ओळख आहे असं सांगणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. फॉर्म भरायला एजंटची मदत घ्यायला माझी हरकत नाही, पण सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा, कारण सही तुमची आहे.

व्हिसा चिकटवून पासपोर्ट परत आला की त्यावर दोन तारखा दिसतील, 'पासून' आणि 'पर्यंत', आणि एका वेगळ्या रकान्यात दिवसांचा आकडा. पुष्कळ लोक 'पर्यंत'ची तारीख बघून खुश होतात. तारखांमधलं अंतर मुक्कामाच्या दिवसांपेक्षा जास्त असू शकतं. राहायचं तेवढेच दिवस, जेवढे त्या रकान्यात. आणि एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक सवलत आली आहे: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमाप्रमाणे वापरले, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा येण्याजाण्याचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यापुढे पाच वर्षांचा. नातवंडाच्या पहिल्या, दुसऱ्या वाढदिवसाला जायचं असेल तर हे लक्षात ठेवा. नव्वद दिवसांची मर्यादा त्यावरही आहेच.

तिकीट लंडनमार्गे स्वस्त पडतंय म्हणून घेऊ नका. आपल्या पासपोर्टला विमान बदलण्यापुरताही ब्रिटनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि तुमचा शेंगेन व्हिसा तिथे कामाला येत नाही. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे, एकटीने जाताना तेच बरं. उतरल्यावर अधिकारी व्हिसा असूनही विचारू शकतो: कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट कुठे? निमंत्रण, हमीपत्राची प्रत, विमा आणि परतीचं तिकीट मोठ्या बॅगेत कोंबू नका, पर्समध्ये ठेवा.

राहता राहिलं सामान. अळीव, डिंक, खारीक, बाळंतशोपा खुशाल न्या. घरी कढवलेलं तूप मात्र नाही. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आणि मांस युरोपीय संघात नेता येत नाही. तूप तिथे दुकानात मिळतं, लाडू तिथेच वळा. आणि एप्रिल-मेचा मुहूर्त असला तरी हापूसची पेटी घेऊन निघू नका. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं; सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना आहे. नारळ चालतो, तेव्हा ओटीची अडचण नाही.